रस्त्याचा अर्ज: झाडाखालचा टायपिंगवाला आणि आतली खिडकी

आमचं वरचं रान म्हणजे दोन एकर ऊस, चारही बाजूंनी दुसऱ्यांचे बांध. आजोबांनी वाटण्या केल्या तेव्हा विहिरीच्या पाळ्या तासावारी लिहून ठेवल्या, रस्त्याबद्दल मात्र एक अक्षर नाही. भावाभावांत रस्ता कशाला लिहायचा? २०२० साली चुलत्यांनी, आमच्या आण्णांनी, बांधावर काटेरी तार ओढली. तेव्हापासून उसाच्या मोळ्या डोक्यावरून तीनशे फूट बाहेर आणायच्या. ऊसतोड टोळीचा मुकादम त्याचे वेगळे पैसे घेतो आणि तेही सगळ्या गावाचं उरकल्यावर येतो. तोवर उसाला तुरा आलेला, वजन गेलेलं.

म्हणून २०२२ च्या जूनमध्ये तहसील गाठलं. फाटकाबाहेर झाडाखाली टायपिंगवाला बसतो. "रस्त्याचा अर्ज ना? तयारच आहे, नावं आणि गट नंबर सांगा." दीड हजार रुपये, पंधरा मिनिटं. चहा त्यानंच पाजला, म्हणून त्याला पाचपैकी एक तारा देतोय.

त्यानं अर्ज ठोकला मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली. हे कलम आधीपासून असलेला रस्ता कुणी अडवला तर लागतं, आणि अडवल्यापासून ६ महिन्यांच्या आत यावं लागतं. आमची तार दोन वर्षांची जुनी. गाव नकाशावर त्या जागी ना दुहेरी तुटक रेघ, ना एकेरी. म्हणजे गाडीवाट नाही आणि पायवाटही नाही. एवढं ऐकायला आठ महिने आणि चार तारखा गेल्या. अर्ज फेटाळला.

आतल्या खिडकीतल्या बाईंनी निकालाचा कागद वाचला आणि वर न बघता म्हणाल्या, "तुम्ही १४३ मध्ये यायला पाहिजे होतं." जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १४३. ज्याच्या रानाला वाटच नाही तो दुसऱ्यांच्या बांधावरून वाट मागू शकतो. जुना रस्ता सिद्ध करायचा नाही, गरज दाखवायची. आपला आणि लगतच्यांचा सातबारा, मोजणीचा नकाशा, हातानं काढलेला कच्चा नकाशा आणि कोर्ट फी स्टँप, बस्स. अर्ज मी मुलीकडून टाईप करून घेतला.

मोजणीचे पैसे भरताना पोटात दुखतं, पण ती टाळू नका. आमच्या मोजणीत बांध आण्णांच्या बाजूनं तीन फूट आमच्यात सरकलेला निघाला. मी त्यावर भांडलो नाही. पण त्या दिवसापासून आण्णांचा आवाज एक पट्टी खाली आला.

१४३ च्या वाटेला मी पाचपैकी साडेतीन तारे देतो. त्यातले निम्मे मंडळ अधिकाऱ्यांचे. स्थळ पाहणीला ऑगस्टमध्ये आले, चिखलात चप्पल हातात घेऊन बांध चालले. आण्णांना विचारलं, "यांनी बैल कुठून न्यायचे?" आण्णांनी ओढ्याकडे बोट केलं. ओढ्याला कमरेएवढं पाणी. साहेबांनी काही न बोलता तेवढंच पंचनाम्यात लिहून घेतलं.

२०२४ च्या जानेवारीत आदेश झाला: आण्णा आणि पलीकडचा शेजारी यांच्या सामाईक बांधावरून ८ फूट, दोन्ही बाजूंनी ४-४. म्हणजे त्या शेजाऱ्याचेही चार फूट गेले, ज्याचा या भांडणाशी संबंधच नव्हता. त्या माणसाला मी अजून चुकवून जातो.

दिवाणी वकिलानं वेगळंच सुचवलं होतं. वाटणीमुळे रान कोंडलं असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात गरजेपोटीचा हक्क मिळतो. मुद्दा बरोबर आहे, पण वडील ७१ वर्षांचे आहेत आणि दिवाणीतल्या तारखा त्यांच्या वयाकडे बघून पडत नाहीत. उलट १४३ च्या आदेशाविरुद्ध दिवाणीत जायला समोरच्याला एक वर्ष असतं. ते वर्ष आम्ही रोज मोजलं. आण्णा पारावर "कोर्टात खेचतो" म्हणत राहिले, गेले नाहीत.

दीड तारा कापला तो रुंदीसाठी. ८ फुटांत ट्रॅक्टर सरळ जातो, पण विहिरीच्या कोपऱ्यावर मागची ट्रॉली वळत नाही. २०२५ च्या मे महिन्यातला शासन निर्णय शेतरस्ता ३ ते ४ मीटर धरतो आणि सातबाऱ्यावर इतर हक्कात नोंद घ्यायला सांगतो. आमचा आदेश त्याआधीचा. नोंदीचा अर्ज तलाठ्यांकडे (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं) देऊन ठेवलाय. पोच घेतलीय, तुम्हीही घ्या.

परवा कारखान्याचा चिटबॉय, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारा, आला होता. म्हणाला, "गाडी जाते का आत?"

म्हटलं, "रिकामी जाते. भरलेली बाहेर आली की सांगतो."