कापडी अस्वलाचा पनामा प्रवास

सहा वर्षांच्या नातीसाठी आणलेल्या या चित्रकथेत एक कापडी अस्वल आपल्या छोट्या मालकिणीच्या पिशवीतून क्रूझ जहाजावर चढते आणि कॅरिबियन समुद्रातून पनामा कालव्यामार्गे प्रशांत महासागरात पोहोचते. जहाजावर हरवणे, सापडणे हा भाग नेहमीचाच आहे. खरी गंमत कालव्याच्या पानांत आहे. १९१४ मध्ये खुला झालेला, सुमारे ८२ किलोमीटर लांबीचा हा कालवा जहाजाला पाण्याच्या पायऱ्यांनी सुमारे २६ मीटर उंचावरील गाटून तलावात चढवतो आणि त्यासाठी पंप न वापरता तलावाचेच पाणी उताराने कोठ्यांमध्ये सोडले जाते, हे अस्वलाच्या नजरेतून इतके स्वच्छ उलगडते की नातीने बादलीत पाणी ओतून कागदी होडी वर चढवून पाहिली. (न्हाणीघर पुसण्याचे काम अर्थातच माझ्याकडे आले.) जहाजाला तारदोरांनी सरळ धरून ठेवणाऱ्या, रुळांवरील विजेच्या इंजिनांना तिथे ‘म्यूल’, म्हणजे खेचर, म्हणतात, अस्वल त्यांचे कान शोधत बसते, ही कल्पना मला विशेष आवडली. चित्रे सुरेख असली तरी अक्षरे बारीक आहेत, त्यामुळे मुलांना स्वतः वाचण्यापेक्षा मोठ्यांकडून ऐकणेच सोयीचे पडते.