पाणीपातळी, हळद आणि द्राक्षबाग: चार चार्ट लायब्ऱ्या वापरून झाल्यावर

सांगलीत शेतीच्या आणि पुराच्या माहितीचं ॲप करायचं म्हटलं की तीन आलेख ठरलेले: आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी, मार्केट यार्डातला हळदीचा दर, आणि तासगाव-मिरज पट्ट्यातल्या बागेत उभ्या केलेल्या हवामान यंत्राच्या नोंदी. हे तिन्ही आलेख आम्ही गेले काही महिने एमपीअँड्रॉइडचार्ट, विको, एफएल चार्ट आणि वेबव्ह्यूमधल्या (ॲपच्या आत वेबपान दाखवणाऱ्या खिडकीतल्या) अपाचे ईचार्ट्स या चार लायब्ऱ्यांवर, म्हणजे आलेख काढून देणाऱ्या तयार कोडच्या संचांवर, चालवले. पावसाळा, ऑक्टोबर छाटणी आणि बेदाण्याचा हंगाम, सगळं त्यात आलं. आमचं मत आधीच सांगतो. नमुन्याच्या पानावर लायब्ररी किती देखणी दिसते, यावरून काही ठरवू नका. बोट टेकल्यावर ती काय करते आणि आकडा जसा आहे तसाच दाखवते का, एवढंच पाहा.

पहिला प्रश्न स्क्रोलचा. फोनच्या पूर्ण रुंदीचा चार्ट लांब पानात बसवला की अंगठा हमखास चार्टवरच पडतो. चार्टने उभी ओढही स्वतःकडे घेतली तर पान जागचं हलत नाही. एमपीअँड्रॉइडचार्टमध्ये म्हणूनच उभं झूम आणि उभी ओढ दोन्ही बंद करावीत. दोनदा टॅप केल्यावर होणारं झूमही बंदच ठेवावं, कारण ते चुकून लागतं आणि मूळ आकाराला परत कसं यायचं ते वापरणाऱ्याला कळत नाही. या लायब्ररीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. चार्ट पूर्ण उघडा असताना बोट आडवं ओढलं तर निवडलेला बिंदू दाखवणारी खूण एका बिंदूवरून दुसऱ्यावर जाते. तोच चार्ट थोडा मोठा केलेला असताना तशीच ओढ दिली तर अख्खा चार्ट सरकतो. एकाच हालचालीचे असे दोन अर्थ सामान्य माणसाला गोंधळात टाकतात.

विकोचा चार्ट मुळात आडवाच सरकतो, त्यामुळे कंपोजच्या (अँड्रॉइडची स्क्रीन थेट कोडमधून मांडण्याच्या नव्या पद्धतीच्या) पानात तो फारसा त्रास देत नाही. फ्लटरमध्ये (एकाच कोडवरून अँड्रॉइड आणि आयफोनचं ॲप बनवण्याचं साधन; एफएल चार्ट त्यासाठीच आहे) गणित वेगळं आहे. तिथे उभी किंवा आडवी ओढ १८ लॉजिकल पिक्सेलवर (स्क्रीनच्या दाटपणाप्रमाणे जुळवून घेतलेलं माप) ओळखली जाते, तर दोन्ही दिशांची ‘पॅन’ ३६ वर. एफएल चार्ट स्पर्शासाठी पॅन वापरतो. उभ्या यादीत त्यामुळे काही अडत नाही, पण तोच चार्ट बाजूला सरकणाऱ्या टॅबमध्ये ठेवला की १८ वरच टॅब बाजी मारतो: माणूस दर बघायला बोट ओढतो आणि समोर दुसराच टॅब येतो. त्या पानावर टॅबचं सरकणं बंद करा, टॅब फक्त टॅपने बदलू द्या. ईचार्ट्समध्ये आतल्या झूमचा ‘हालचाल अडवून धरण्याचा’ पर्याय मुळात चालू असतो. तो बंद करा आणि चार्टच्या डब्याला उभं स्क्रोल मोकळं ठेवणारा सीएसएसचा (वेबपानाच्या मांडणीच्या भाषेचा) टच-ॲक्शन नियम लावा. दोन्ही करावं लागतं, एकाने भागत नाही.

खरं तर आमची शिफारस याहून साधी आहे. पानातला चार्ट स्थिर ठेवा, त्याच्यावर टॅप केला की आडवी पूर्ण स्क्रीन उघडा, आणि झूम, ओढ, खूण सगळं तिथेच द्या. तिथेही दोन्ही कडांपासून किमान २४ डीपी (अँड्रॉइडचं असंच दाटपणाप्रमाणे जुळणारं माप) जागा सोडा, कारण अँड्रॉइड १० पासून कडेवरून आत बोट ओढणं म्हणजे ‘मागे जा’. कडेचा भाग त्यातून वगळता येतो, पण एका कडेला जास्तीत जास्त २०० डीपी उंचीपुरताच. आकड्याची चौकट बोटाशेजारी तरंगत ठेवू नका. बोटाखाली नेमका तोच भाग झाकला जातो, आणि भर उन्हात बागेत उभा असलेला माणूस ती वाचूच शकत नाही. चार्टच्या वर एक पक्की पट्टी ठेवा आणि निवडलेली वेळ व आकडा तिथे ठळक दाखवा. बटणं ४८ डीपीपेक्षा लहान नकोत. फवारणी करून आलेल्या ओल्या हाताला तीही लहानच वाटतात.

आता आकड्यांचा खरेपणा. आमच्या मते सगळी निवड इथेच ठरते.

एमपीअँड्रॉइडचार्ट दोन्ही अक्षांचे आकडे ‘फ्लोट’मध्ये, म्हणजे मर्यादित अचूकतेच्या दशांश संख्येत, ठेवते. फ्लोटमध्ये पूर्णांक १,६७,७७,२१६ पर्यंतच एकेकाच्या अंतराने नेमके बसतात. १९७० पासूनचे मिलिसेकंद म्हणून वेळ दिली तर आजचा आकडा १ लाख ७० हजार कोटींच्या पुढचा असतो, आणि तिथे फ्लोटची एक पायरी १,३१,०७२ मिलिसेकंदांची, म्हणजे सव्वादोन मिनिटांच्या जवळपास होते. दर मिनिटाच्या दोन-दोन नोंदी एकाच जागी येतात, पंधरा मिनिटांच्या नोंदी मिनिटभर मागे-पुढे होतात. मिलिसेकंदांऐवजी सेकंद दिले तरी पायरी १२८ सेकंदांचीच. उपाय एकच: आलेखाच्या पहिल्या दिवसाची मध्यरात्र शून्य धरा आणि तिथून पुढची मिनिटं द्या. वर्षभराची मिनिटं ५,२५,६०० होतात, ती आरामात बसतात. मध्यरात्र भारतीय वेळेची घ्या. नाहीतर दिवसाची रेघ पहाटे साडेपाचला पडते आणि पावसाची रोजची बेरीज चुकीच्या दिवशी दिसते. नोंदी वेळेच्या क्रमानेच द्या, क्रम चुकला तर ही लायब्ररी बिंदू गाळते किंवा ॲप बंद पडतं. दिसणाऱ्या भागाची रुंदी ठरवणारी ओळ डेटा दिल्यानंतरच लिहा, आधी लिहिली तर तिचा काहीच परिणाम होत नाही.

विकोचा हिशेब निराळा. आडव्या अक्षाची पायरी ती लगतच्या अंतरांच्या मसाविवरून काढते. नोंदी बरोबर पंधरा मिनिटांच्या असतील तर पायरी १५, सगळं सुरळीत. पण बागेतलं यंत्र रेंज गेल्यावर कधी १५, कधी १६, कधी २३ मिनिटांनी नोंद पाठवतं. मसावि १ येतो आणि चार्ट पंधरापट रुंद होतो. वेळ आधी ठरलेल्या पायरीवर गोल करून घ्या किंवा पायरी स्वतः सांगा.

कृष्णेची पातळी फूट-इंचांत जाहीर होते. ३९ फूट ७ इंच म्हणजे ३९.७ नव्हे, ३९.५८. आणि ३९ फूट १० इंच ‘३९.१०’ असं साठवलं तर ते ३९ फूट २ इंचांच्याही खाली दिसतं: पाणी चढत असताना आलेख उतरतो! सगळं इंचांत, पूर्णांकात साठवा. अक्षावरच्या रेघा १२ च्या पटीत ठेवा आणि फूट-इंच फक्त दाखवताना करा. इशाऱ्याची ४० फुटांची रेघ मग ४८० वर आणि धोक्याची ४५ फुटांची ५४० वर येते. चौघींतही अशी आडवी रेघ काढता येते. उभा अक्ष मात्र लायब्ररीवर सोपवू नका. पाणी १२ फुटांवर असताना ती अक्ष १० ते १४ असा ताणते आणि दोन फुटांची चढ महापुरासारखी दिसते. २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांवर गेली होती, म्हणून वरची मर्यादा ६० फूट कायम ठेवलेली बरी.

वक्र रेषेचा मोह टाळा. गुळगुळीत वक्र खऱ्या बिंदूंच्या वर-खाली जाऊ शकतो. पातळी ३९ फूट ११ इंचांवर थांबलेली असते आणि वक्र इशाऱ्याची रेघ ओलांडून येतो, किंवा आर्द्रता १०० टक्क्यांच्या वर दिसते. एफएल चार्टमध्ये हा उसळा रोखणारा पर्याय आहे, ईचार्ट्समध्येही वक्र एकाच दिशेचा राखता येतो, तरी पातळीसाठी सरळ रेषाच वापरा.

पंधरा मिनिटांच्या नोंदी वर्षाला ३५,०४० होतात आणि स्क्रीन असते १०८० पिक्सेलची. एका पिक्सेलमागे ३२ बिंदू. सरासरी काढून ते कमी केले तर पुराचा माथाच कापला जातो. ईचार्ट्समध्ये बिंदू निवडून कमी करण्याची एलटीटीबी ही रीत तयार मिळते. आइसलंड विद्यापीठातल्या २०१३ च्या प्रबंधातून आलेली ही रीत आलेखाचा आकार छान राखते, पण सर्वांत मोठा बिंदू राहीलच याची हमी देत नाही. पातळीसाठी प्रत्येक पिक्सेलमागे किमान आणि कमाल दोन्ही ठेवा, म्हणजे २१६० बिंदू. हे काम शक्यतो सर्व्हरवर किंवा डेटाबेसमधून वाचतानाच उरका. ६० हर्ट्झच्या स्क्रीनला एका फ्रेममागे, म्हणजे चित्र एकदा नव्याने काढायला, फक्त १६.७ मिलिसेकंद मिळतात, आणि बिंदू कमी न करता ओढ दिली तर स्वस्त फोन तिथेच अडखळतो. फोनच्या विकासकांच्या पर्यायांत प्रत्येक फ्रेमला लागलेला वेळ दाखवणारे जीपीयू रेंडरिंगचे पट्टे सुरू करून ते हिरव्या रेघेच्या वर जातात का हे जुन्या, कमी रॅमच्या फोनवर तपासा.

रिकाम्या जागांचे दोन प्रकार वेगळे ओळखायला हवेत. रविवारी हळदीचे सौदे नसतात, तिथे काही हरवलेलं नसतं. तिथे वेळेचा अक्ष न घेता सौद्याच्या दिवसांचे अनुक्रमांक घ्या. यंत्र बंद पडलं असेल तर मात्र रेष तुटलेलीच दिसली पाहिजे. पान किती तास ओलं राहिलं यावर डावणी या द्राक्षावरच्या रोगाची फवारणी ठरते, आणि तुटलेल्या नोंदींवरून ओढलेली सरळ रेष बागायतदाराची फसवणूक करते. ईचार्ट्समध्ये रिकामा आकडा दिला की रेष आपोआप तुटते, एफएल चार्टमध्ये त्यासाठी रिकामा बिंदू आहे. एमपीअँड्रॉइडचार्टमध्ये अशी सोय नाही, प्रत्येक तुकड्याचा वेगळा डेटासेट (नोंदींचा संच) करावा लागतो.

मराठीचं काम थोडं असलं तरी चुकवू नये. एमपीअँड्रॉइडचार्ट आडव्या अक्षाच्या लेबलची उंची ‘क्यू’ या एका रोमन अक्षरावरून मोजते. त्यामुळे ‘जून’चा उकार किंवा ‘ऑक्टो’चा अर्धचंद्र कापला जातो. खाली ६ ते ८ डीपी जादा जागा दिली की निस्तरतं. फोनची भाषा मराठी असेल तर आकडे साचा लावून अक्षरांत बदलताना ते देवनागरी होतात. दाखवायला ते उत्तम. पण तेच ‘३९.५८’ वेबव्ह्यूतल्या जावास्क्रिप्टकडे किंवा सर्व्हरकडे गेलं की वाचता येत नाही आणि चार्ट कोरा राहतो. हिशेबाच्या वाटेवर भाषा-तटस्थ साचा लावा, देवनागरी फक्त शेवटच्या लेबलवर.

आता निवड. जुनं, एक्सएमएल मांडणीचं अँड्रॉइड ॲप असेल तर एमपीअँड्रॉइडचार्ट अजूनही चालते. पण तिची ३.१.० ही आवृत्ती २०१९ ची आहे, नवीन सुधारणांची वाट पाहू नका, आणि ती जिटपॅक या कोड-संचांच्या ऑनलाइन भांडारावरून घ्यावी लागते. नवं कंपोज ॲप असेल तर विको. तिच्या दुसऱ्या आवृत्तीत नावं आणि रचना बरीच बदलली, म्हणून जुन्या उदाहरणांवरून कोड उचलू नका. अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींवर एकच ॲप हवं आणि आलेख साधे असतील तर एफएल चार्ट. चिमटीने झूम तिच्यात उशिरा आलं, त्यामुळे आवृत्ती नवी घ्या. हजारो बिंदू, दोन उभे अक्ष आणि खालची सरकपट्टी एकत्र हवी असेल तर ईचार्ट्सला पर्याय नाही. एमपीअँड्रॉइडचार्ट, विको आणि ईचार्ट्स अपाचे २.० परवान्याच्या, एफएल चार्ट एमआयटीची. व्यावसायिक ॲपला चौघींचेही पैसे पडत नाहीत.

आयर्विनच्या आलेखासाठी आम्ही शेवटी ईचार्ट्स ठेवली. पूर्ण फाइल साधारण एक एमबीची आहे. फक्त रेषा, अक्ष, झूम आणि आडवी रेघ एवढेच भाग घेऊन बांधणी केली की ती बरीच उतरते. ही फाइल ॲपच्या पोटातच ठेवा, बाहेरच्या सर्व्हरवरून मागवू नका, आणि शेवटच्या ४८ तासांच्या नोंदी फोनमध्ये साठवा. पुरात वीज आणि नेटवर्क गेलं की बघणाऱ्याला आलेख कोरा दिसता कामा नये, आणि नोंद किती वाजताची आहे ते वरच्या पट्टीत लिहिलेलं असलंच पाहिजे.