सेकंड-हँड कॉन्सेप्ट-२ मॉडेल डी: घ्यावं का, आणि घेतल्यावर सुरुवात कशी करावी

निकाल आधीच सांगायचा तर, घ्यावं. घरच्या व्यायामासाठी जुनं रोइंग मशीन घेणाऱ्याला कॉन्सेप्ट-२ कंपनीच्या, हवेच्या रोधावर चालणाऱ्या मॉडेल डीइतका कमी जोखमीचा सौदा क्वचितच सापडतो. २००३ मध्ये आलेलं हे मशीन २०२१ पासून रोएर्ग या नावानं विकलं जातं. मूळ रचना तीच असल्यामुळे जुन्याचे सुटे भाग आजही मिळतात. झिजणारे भाग मोजके आहेत: साखळी, तिला परत खेचणारी लवचिक दोरी (म्हणजे शॉक कॉर्ड), सीटची चाकं, पायपट्टे. यातलं बहुतेक सगळं घरी पाना घेऊन बदलता येतं. रंग उडालाय, पायावर ओरखडे आहेत, यावरून भाव पाडून घ्यावा, पण त्यापायी सौदा सोडू नये.

बघायला जाताना बूट घालून जावं आणि सोबत डी साइझचे दोन मोठे सेल न्यावेत. पीएम३ आणि पीएम५ या दोन्ही मॉनिटरना (वेग, अंतर दाखवणाऱ्या पडद्यांना) तेच लागतात, आणि ‘फक्त सेल संपलेत, बाकी एकदम चालू’ हे विकणाऱ्याचं ठरलेलं वाक्य असतं. सेलचा कप्पा उघडून बघावा. धातूच्या पट्ट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर जुने सेल आत गळलेत. थोडी असेल तर व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्यानं निघते. पट्टीच खाल्ली गेली असेल तर नव्या मॉनिटरची किंमत सौद्यातून वजा करावी. पीएम४ मध्ये रिचार्जेबल पॅक असतो आणि जुन्या मशीनवर तो दमलेला असण्याचीच शक्यता जास्त. ब्लूटूथ हवं असेल तर पीएम५ लागतो, तो मॉडेल डीवर नंतरही बसवता येतो. त्यामुळे पीएम३ असलेलं स्वस्त मशीन नाकारायचं कारण नाही.

मॉनिटरच्या मेमरीत आजवरचे एकूण मीटर दिसतात. आकडा बघून घाबरू नये. आठवड्यातून चारदा अर्धा-अर्धा तास करणारा साधा माणूस वर्षाला साधारण १२ लाख मीटर करतो, म्हणजे २०-३० लाख हा घरगुती वापरच झाला. उलट मशीन जिममधलं दिसतंय आणि आकडा मात्र नगण्य, तर मॉनिटर बदललेला आहे असं समजावं.

आता बसून दहा-बारा स्ट्रोक (ओढून परत येणं म्हणजे एक) मारावेत आणि कान द्यावा. वाऱ्याचा घोंघाट असणारच, तो दोष नाही. ओढतानाच खरखर होत असेल तर साखळी कोरडी आहे किंवा दातेरी चक्र झिजलंय. हँडल सोडून दिल्यावर, पुढचं पंख्यासारखं मोठं चाक आपोआप फिरत असतानाही घरघर चालूच राहिली तर बेअरिंगकडे बोट जातं, आणि ते काम साखळीइतकं सोपं नाही. ओढता ओढता हँडल मध्येच सटकन सुटून पुन्हा पकडलं, तर साखळीची ओढ चाकाला देणारा क्लच घसरतोय. गुडघे मोडून सीट पुढे घ्यावी आणि हँडल मोठ्या चाकाभोवतीच्या जाळीपर्यंत न्यावं: साखळी ढिली होऊन लोंबत असेल तर शॉक कॉर्ड सैल पडलीय. ती आखडून घेता येते आणि बदलताही येते. एवढ्यासाठी सौदा मोडू नये.

सीट सरकताना झटका बसत असेल तर तो कुठे बसतो हे नीट बघावं. रेलच्या (सीट जिच्यावरून सरकते त्या पट्टीच्या) एकाच जागी दर वेळी बसत असेल तर तिथे पट्टीला पोचा आहे. जागा बदलत असेल, पण सीटच्या चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा बसत असेल, तर चाकाला मळाचा गोळा चिकटलाय किंवा चाक एका बाजूनं चपटं झालंय. मळ नखानं निघतो. चपटं चाक बदलावं लागतं. रेलचा पोचा मात्र भाव खाली आणायला पुरेसा आहे.

शेवटची आणि सगळ्यात बोलकी तपासणी ड्रॅग फॅक्टरची, म्हणजे हवा मोठ्या चाकाला किती अडवते ते सांगणाऱ्या आकड्याची. पीएम५ वर ‘मोअर ऑप्शन्स’मध्ये ‘डिस्प्ले ड्रॅग फॅक्टर’ निवडावं, डँपरची (चाकाकडे हवा किती जाऊ द्यायची ते ठरवणारी) कळ १० वर न्यावी आणि काही स्ट्रोक सलग मारावेत. स्वच्छ मशीन १० वर २०० च्या आसपास किंवा वर दाखवतं. १५०-१६० च्या खाली येत असेल तर चाकाभोवतीच्या जाळीत धूळ आणि तंतू साचून हवेची वाट बुजलीय. (उंचावरच्या गावात विरळ हवेमुळेही आकडा थोडा उतरतो.) जाळीचे स्क्रू काढून आतल्या बाजूनं व्हॅक्यूम फिरवला की आकडा परत चढतो. जुन्या मशीनमधून राखाडी नमद्यासारखा थर सोलून निघतो.

दोन स्ट्रोकच्या मध्ये चाक किती झपाट्यानं मंदावतं यावरून मॉनिटर ड्रॅग फॅक्टर काढतो आणि वेग-वॅटचा हिशेब त्याच्याच आधारे करतो. म्हणून धुळीनं भरलेलं मशीनसुद्धा आकडे खोटे दाखवत नाही. आणि म्हणूनच डँपर १० म्हणजे ‘जास्त व्यायाम’ हा सार्वत्रिक गैरसमज सोडून द्यायला हवा. डँपर हा सायकलच्या गिअरसारखा आहे, जोर किती लावायचा ते पायच ठरवतात. १० वर चाक लवकर मंदावतं, प्रत्येक स्ट्रोकला ते जवळजवळ नव्यानं ओढावं लागतं, आणि नवशिक्याची कंबर तिथेच धरते. ११० ते १३० च्या दरम्यान ड्रॅग फॅक्टर ठेवावा. स्वच्छ मशीनवर हे साधारण ३ ते ५ ला येतं, धुळकटवर ६-७ ला.

घरी आणल्यावर पहिलं काम साखळीचं. दुसऱ्याला हँडल धरून मागे न्यायला सांगावं, कोरड्या कापडानं पूर्ण लांबी पुसावी आणि बोटांत धरून प्रत्येक कडी वाकवून बघावी. एखादी ताठ राहिली तर तेल देऊन मोकळी होते का पाहावं, नाहीतर साखळी बदलावी. चमचाभर शुद्ध मिनरल ऑइल किंवा थ्री-इन-वन तेल कागदी टॉवेलवर घेऊन साखळीवरून फिरवावं, जास्तीचं पुसून टाकावं. हे दर ५० तासांनी, म्हणजे वर सांगितलेल्या वापराला सहा महिन्यांनी एकदा. गंज सोडवायचा पातळ स्प्रे इथे नको, तो असलेलं वंगणही धुऊन नेतो. रेल रोज पुसावी. घामाचा काळा थर चाकांखाली दळला जातो आणि मग वर सांगितलेले झटके सुरू होतात. व्यायाम संपल्यावर हँडल मधल्या हुकाला अडकवून ठेवू नये, जाळीपर्यंत परत जाऊ द्यावं. ताणलेली राहिली की कॉर्ड लवकर ढिली पडते.

वापरताना लांबी २४४ सेंटिमीटर लागते, शिवाय मागे-बाजूला थोडी मोकळी जागा. वजन साधारण २६ किलो. मधला लॉक सोडला की मशीनचे दोन भाग होतात आणि एकटा माणूसही ते हलवू शकतो.

पायपट्टा बोटांच्या मुळाशी असलेल्या रुंद भागावरून जावा, तसं होईपर्यंत पाय टेकायची पट्टी वर-खाली सरकवावी. घोट्याजवळ पट्टा आला की टाच उचलता येत नाही आणि पुढे येताना पाठ वाकते. स्ट्रोकचा क्रम ओढताना पाय, धड, हात. परतताना नेमका उलटा: हात, धड, पाय. परतताना हँडल गुडघ्यांच्या पुढे गेल्याशिवाय गुडघे मोडायचे नाहीत. हँडल गुडघ्यांवरून उडी मारून न्यावं लागत असेल तर हा क्रम चुकतोय. दुसरी नेहमीची चूक म्हणजे सीट मागे पळते आणि हँडल जागच्या जागी राहतं. पायांचा जोर वाया जातो आणि उरलेलं ओझं कंबर उचलते. पुढे आल्यावर नडग्या सरळ उभ्या असाव्यात, मागे किंचितच कलावं, हँडल खालच्या बरगड्यांशी यावं. मूठ आवळली की तळहाताला फोड येतात. बोटं आकड्यासारखी अडकवली तरी पुरतं.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा, दोन-दोन मिनिटांचे पाच तुकडे, मध्ये एक मिनिट विश्रांती, मिनिटाला १८ ते २२ स्ट्रोक. ओढायला लागेल त्याच्या दुप्पट वेळ परतायला घ्यावा. नंतर तुकडे चार मिनिटांचे, मग सलग २० मिनिटं. ५०० मीटरला २:३० म्हणजे साधारण १०४ वॅट, २:०० म्हणजे २०३. तीसच सेकंदांसाठी जवळजवळ दुप्पट ताकद लागते, त्यामुळे पहिल्या महिन्यात वेगाच्या मागे लागू नये. स्ट्रोकची संख्या न वाढवता वेग सुधारतोय का, एवढंच बघावं.

दुसऱ्या प्रकारच्या जुन्या मशीनबद्दल थोडंसं. पाण्याच्या टाकीचं असेल तर टाकीच्या सांध्यांतून गळती आणि हिरवट पाणी बघावं. पाणी बदलून शुद्धीकरणाची गोळी टाकली की हिरवेपणा जातो, गळतीचं तसं नाही. चुंबकीय मशीन शांत असतं, पण स्वस्त मॉडेलचे आकडे दुसऱ्या मशीनशी ताडून बघण्याच्या लायकीचे नसतात. तेलाच्या दोन पिस्टनचं मशीन फुकट मिळालं तरी विचार करावा. तेल तापलं की रोध उतरतो आणि जुनी सील गळतात.

मॉडेल डीचा एक दोष कोणतीही दुरुस्ती घालवू शकत नाही: सीट जमिनीपासून जेमतेम १४ इंच आहे. गुडघे दुखत असतील किंवा खाली बसून उठणं जड जात असेल, तर जुनं मॉडेल ई शोधावं. ओढायला ते तसंच आहे, सीट मात्र २० इंचांवर, म्हणजे साध्या खुर्चीपेक्षा किंचित उंच.