दुब्रोव्निकमधला बिनडोक्याचा मासा

मी मालवणची. कल्ले उघडून लाल आहेत का बघितल्याशिवाय बांगडासुद्धा घेत नाही. तरी क्रोएशियात मला मासा विकून फसवलं, आणि हे घरी सांगायला महिनाभर जीभ रेटेना. आता नणंद ख्रिसमसला तिकडेच निघाली आहे, म्हणून लिहितेय.

२०२४ चा सप्टेंबर. दुब्रोव्निकच्या जुन्या शहराच्या तटबंदीवर सकाळी आठलाच चढलो, ते बरं केलं. १९४० मीटरची फेरी, एकाच दिशेने चालायचं, सावली जवळपास नाही. माणशी ३५ युरो झोंबले खरे, पण एका बाजूला लाल कौलं आणि दुसऱ्या बाजूला निळाशार एड्रियाटिक समुद्र, तेव्हा पैसे वसूल. त्याच तिकिटावर लोव्रियेनात्सचा किल्लाही बघता येतो, तो चुकवू नका. खाली उतरून स्पोंझा राजवाड्यात गेलो. सोळाव्या शतकातली इमारत, इथे जकातघर होतं. आतल्या कमानीवर लॅटिन ओळ कोरली आहे, अर्थ साधारण असा: आमची वजनं फसवू देत नाहीत आणि फसूही देत नाहीत, मी माल तोलतो तेव्हा देव मला तोलत असतो. मी भक्तिभावाने फोटो काढला. तासाभराने माझंच माप काढलं गेलं.

जुन्या बंदराजवळच्या गल्लीत एक माणूस मेन्यू घेऊन उभा होता. 'इंडिया? नमस्ते!' इथेच पुढे सरकायला हवं होतं. मेन्यूत ताज्या माशापुढे ९ युरो. नवरा म्हणाला, 'अगं, स्वस्त आहे!' त्या ९ च्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत '१०० ग्रॅम' होतं, ते आम्ही दोघांनीही वाचलं नाही. तिकडे अख्खा मासा वजनावरच विकतात, किलोचा नाहीतर शंभर ग्रॅमचा भाव लिहितात. त्यात बेकायदा काही नाही. फसवणूक पुढे आहे.

वेटर बर्फाच्या ट्रेमध्ये ब्रांत्सिन घेऊन आला. ब्रांत्सिन म्हणजे आपल्या जिताड्याच्या अंगलोटीचा चंदेरी मासा. चांगला हातभर लांब, डोळा स्वच्छ, शेपटीचं एक टोक फाटलेलं. मी मान डोलावली. वजन किती, एकूण किती होतील, काही विचारलं नाही. घरी तीनशेच्या पापलेटासाठी दहा मिनिटं हुज्जत घालणारी मी!

अर्ध्या तासाने ताटं आली. काटे काढलेले दोन तुकडे, बाजूला बटाटा आणि ब्लित्वाची, म्हणजे तिकडच्या पालकासारख्या पाल्याची भाजी. मी विचारलं, डोकं कुठाय? वेटर हसून म्हणाला, तुमच्यासाठी साफ करून आणलं मॅडम. आता, डोकं टाकून मासा वाढणाऱ्यावर कोकणातल्या माणसाने तिथेच संशय घ्यायला हवा. डोकं नाही, शेपटी नाही, म्हणजे दाखवलेला मासा हाच का, हे कळायची सोयच नाही.

बिल १४९ युरो. मासा १.४ किलो, १२६ युरो. भाजी ८, न मागता ठेवलेल्या पावाचे दोघांचे ८, पाण्याची बाटली ७. (जुन्या शहरातल्या ओनोफ्रिओच्या कारंज्याचं पाणी पिण्याजोगं आहे आणि फुकट आहे. आमच्या पिशवीत तेच भरलेली बाटली होती.) दीड किलोच्या आसपासचा मासा साफ केला तरी सहाशे ग्रॅम मांस कुठे गेलं नाही. आमच्या दोन्ही ताटांत मिळून तीनशे असेल-नसेल. मी डोकं आणून दाखवा म्हटलं, तर म्हणे कचऱ्यात गेलं.

वादावादीत नवऱ्याने कंटाळून कार्ड दिलं. वेटरने मशीन स्वतःकडे वळवून काहीतरी दाबलं, मग पिन टाकायला दिलं. पावतीवर रक्कम रुपयांत, १५,२०० च्या वर. त्या दिवशी युरो ९३ च्या घरात होता. युरोतच पैसे गेले असते तर बँकेचे साडेतीन टक्के धरूनही साडेचौदा हजारांच्या आत भागलं असतं. मशीन युरो की रुपये विचारतं, तो प्रश्न ग्राहकाने सोडवायचा असतो. रुपये निवडले की भाव मशीनवाल्याचा. वर आमच्या बँकेने रुपयांतल्या परदेशी व्यवहाराचंही शुल्क कापलं. एटीएमवरही हाच प्रश्न येतो. तिथेही युरोच दाबा.

नणंदेला सांगून ठेवलंय: मासा दाखवला की वजनकाटा टेबलापाशी मागव, आकडा मेन्यूवर पेनने लिहून घे, पाव नको असेल तर आल्या आल्या परत पाठव. लाजू नकोस.

दुसऱ्या दिवशी तटाबाहेर, एका साध्या खानावळीत गेलो. काटा मागितल्यावर म्हातारी मालकीण स्वयंपाकघरातून तो घेऊनच आली. ४२० ग्रॅमची ओराडा, हाही तिकडचा समुद्री मासा, अख्खी भाजलेली. डोकं मी खाल्लं.