मोमिनपुऱ्यातून घेतलेली शुक्राची (अल्लाहच्या आभारांची) रोजनिशी : 90 पाने भरल्यानंतरचा अभिप्राय

रमजान लागण्याच्या आदल्या आठवड्यात मोमिनपुऱ्यातील एका दुकानातून मी ही 90 पानांची रोजनिशी 180 रुपयांना घेतली आणि ऐन नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, तिचे शेवटचे पान भरले. पहिल्या पानावर कुरआनच्या सूरह (अध्याय) इब्राहीममधील सातवी आयत (वचन) मराठी अर्थासह आहे : शुक्र कराल तर अल्लाह आणखी देईल. पुढे रोजच्या नेमती (अल्लाहच्या देणग्या) लिहिण्यासाठी तीन ओळी आणि नमाजनंतरच्या तस्बीहसाठी (जपासाठी), म्हणजे 33 वेळा सुभानल्लाह, 33 वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि 34 वेळा अल्लाहु अकबर यांसाठी, खुणेचे चौकोन आहेत.

सुरुवातीला मी तब्येत, नोकरी, मुले असेच लिहीत होते आणि दहाव्या दिवशी तेच शब्द पुन्हा येऊ लागले. मात्र ओळी तीनच असल्याने नेमके काय ते आठवावे लागते, हा या रोजनिशीचा खरा गुण आहे. मे महिन्यातील एका पानावर मी लिहिले आहे की, दुपारी गेलेली वीज असरच्या (दुपारनंतरच्या नमाजच्या) आधी आली, कुलरच्या ताट्यांतून पहिला ओला वारा आत शिरला आणि अम्मींनी हातातला पेला खाली ठेवून अल्हम्दुलिल्लाह म्हटले.

दोन उणिवा मात्र सांगितल्याच पाहिजेत. पानावर केवळ इंग्रजी तारीख आहे. आपला हिजरी (इस्लामी) दिवस मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताला, बदलतो आणि मी इशानंतर, म्हणजे रात्रीच्या नमाजनंतर, लिहिते, त्यामुळे जुम्म्याची (शुक्रवारची) रात्र गुरुवारच्या पानावर जाते आणि रमजानची पहिली तरावीह (रमजानमधील रात्रीची खास नमाज) आधीच्या शाबान महिन्याच्या पानावर.

दुसरी उणीव अधिक मोठी आहे. शुक्र मनाने, जिभेने आणि कृतीने करायचा असतो. सूरह सबामध्ये पैगंबर दाऊद अलैहिस्सलाम यांच्या घराण्याला शुक्र म्हणून अमल (कृती) करण्याचाच हुकूम आहे. तिर्मिझी या संग्रहातील हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनानुसार) जो माणसांचे आभार मानत नाही, तो अल्लाहचेही मानत नाही. तरीही या वहीत माणसांसाठी एकही ओळ नाही. मी पानाच्या तळाशी पेनाने चौथी ओळ आखली आणि एप्रिलमधील एका रात्री तिथे मुलीला तीन वर्षे शाळेतून आणणाऱ्या ऑटोवाल्या चाचांविषयी लिहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना थांबवून जझाकल्लाहु खैरन (अल्लाह तुम्हाला चांगले फळ देवो) म्हटले, तेव्हा माझी नजर हँडलला अडकवलेल्या ओल्या फडक्यावर गेली. तापलेल्या रेक्झिनचा चटका बसू नये म्हणून मुले बसण्यापूर्वी ते रोज सीट पुसून घेतात, हे मला त्या दिवशी कळले.

बांधणी शिवणीची आणि पक्की आहे. कागद पातळ असल्याने शाईपेनाऐवजी बॉलपेन वापरावे. लहान मुलांच्या अक्षराला ओळी अरुंद पडतील, मोठ्यांना मात्र मी ही अवश्य सुचवेन. मी दुसरी प्रत आणली असून तिच्या प्रत्येक पानावर हिजरी तारीख आणि चौथी ओळ आधीच आखून ठेवली आहे.