शरणपूर रोडचा प्रार्थना वर्ग : पाच शनिवार आणि पान १७ वरचे अर्धे वचन

नाशिकमध्ये प्रार्थनासभांना तोटा नाही. उपास-प्रार्थना, रात्रभराची प्रार्थना, शुक्रवारची मध्यस्थी, घरोघरच्या कॉटेज मीटिंगा, सगळे नेमाने चालते. प्रार्थना करणारे पुष्कळ आहेत, ती बसून शिकवणारे मात्र थोडे. म्हणून शरणपूर रोडलगतच्या एका मंडळीच्या (चर्चच्या) हॉलमध्ये भरणाऱ्या या वर्गाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते. शिकवणारे सगळे विनामोबदला शिकवतात, म्हणून मंडळीचे नाव देत नाही. त्या भागातल्या मंडळ्यांत चौकशी केली की पत्ता लागतो.

वर्ग ५ शनिवारांचा, संध्याकाळी साडेपाच ते पावणेआठ. शुल्क ३०० रुपये, त्यात ४० पानी पुस्तिका आणि चहा. ज्याला जमत नाही त्याच्याकडून काही घेत नाहीत आणि कारणही विचारत नाहीत. खुर्च्या ३५. एवढ्याशा हॉलमध्ये माइक कशाला लागतो कळत नाही. स्पीकर भिंतीला टेकून ठेवलेला असल्याने मागच्या दोन रांगांना आवाज घुमून ऐकू येतो. पुढे बसावे.

विषय ‘ख्रिस्तात मी कोण, आणि मला कोणता अधिकार आहे’. हा विषय शिकवणारे बहुतेक जण अधिकारापासून सुरुवात करतात, कारण ऐकणाऱ्याला तेच हवे असते. हा वर्ग तसे करत नाही. पहिला पूर्ण शनिवार फक्त ओळखीवर आहे आणि वर्गाचे खरे मोल तिथेच आहे.

त्या दिवशी बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय, वचने ३ ते १४, एवढेच काम. मूळ ग्रीकमध्ये ही १२ वचने मिळून एकच लांबलचक वाक्य आहे. मराठीत ते तोडून घ्यावे लागते आणि त्या तोडण्यात त्याचा ओघ हरवतो. तो परत मिळवण्यासाठी दोन रंगांच्या पेन्सिली वापरतात. पहिल्या रंगाने ‘ख्रिस्ताच्या ठायी’, ‘त्याच्या ठायी’ अशा सगळ्या जागा अधोरेखित करायच्या. दुसऱ्या रंगाने क्रियापदांभोवती गोल करायचा : निवडले, नेमले, मुक्ती मिळाली, शिक्का बसला. मग शिक्षक एकच प्रश्न विचारतात, यातले किती तुम्ही केले? हॉल गप्प होतो. निवडणारा देव, नेमणारा देव, शिक्का मारणाराही देव. माणसाच्या वाट्याला ऐकणे आणि विश्वास ठेवणे एवढेच येते, तेही १३ व्या वचनात. हा सराव घाईने केला तर वाया जातो. पहिल्या पाच मिनिटांत लोक ‘झाले’ म्हणून पेन्सिल खाली ठेवतात आणि तिथेच चुकतात. दुसऱ्यांदा मोठ्याने वाचताना सुटलेल्या जागा दिसतात, म्हणून शिक्षक ४० मिनिटे देतात ती योग्यच आहेत.

एक गोष्ट मात्र या वर्गाने दारातली असून सोडली आहे. ज्या शरणपुरात हा हॉल उभा आहे ते शरणपूर मिशनने एकोणिसाव्या शतकात वसवले. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन लेकरे तिथल्या शाळेत वाढली, शिकली. त्यांतलाच जेकब वेनराइट १८७३ मध्ये आफ्रिकेत मिशनरी आणि शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या अंत्यविधीला उभा होता, आणि १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला हात लावणाऱ्यांतही होता. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले १५ वे वचन सांगते की आपल्याला भीती बाळगावी असा दास्याचा आत्मा मिळालेला नाही, दत्तकपणाचा मिळाला आहे, त्याच्या योगे आपण ‘अब्बा, बापा’ अशी हाक मारतो. हे वचन नाशिकच्या विश्वासणाऱ्याला समजावून सांगायला दूरच्या दाखल्याची गरजच नाही. बेडी सुटली तरी भीती लगेच सुटत नाही, हे त्या शाळेच्या आवारात सांगितले तर नेमके लागेल. ख्रिस्ताला माउली म्हणून आळवणाऱ्या नारायण वामन टिळकांचा मराठी वारसा, आणि नाशिकजवळच्या जलालपुरात जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे नाव, हेही पहिल्या शनिवारी यायला हवे होते. ‘लेकरू’ हा शब्द मराठी कानाला आधीच कळतो. त्याऐवजी पुस्तिकेत ‘ख्रिस्तातील माझी पोझिशन’ असे छापले आहे.

दुसरा शनिवार अधिकाराचा. इथे शिक्षकांची तयारी पक्की आहे. नव्या करारात ‘एक्झूसिया’ म्हणजे अधिकार आणि ‘ड्यूनामिस’ म्हणजे सामर्थ्य, असे दोन वेगळे शब्द आहेत. लूक ९:१ मध्ये येशू बारा जणांना दोन्ही देतो. लूक १०:१९ मध्ये शत्रूजवळ ड्यूनामिस आहे आणि शिष्यांना तिच्यावर एक्झूसिया दिली आहे. म्हणजे शत्रूपेक्षा आपला आवाज मोठा असण्याची गरज नाही. आणि त्या संध्याकाळची सर्वात चांगली गोष्ट अशी की योहान १:१२ मध्ये ‘देवाची मुले होण्याचा अधिकार’ म्हटले आहे तिथेही हाच शब्द आहे. विश्वासणाऱ्याला मिळालेला पहिला अधिकार भुते काढण्याचा नाही, घरचे मूल होण्याचा आहे. ही जोडणी ऐकताना अनेक जण वचन परत उघडून बघत होते.

समजावण्यासाठी दिलेला दाखला मात्र जुनाच आहे : हात वर करून ट्रक थांबवणारा वाहतूक पोलीस. ताकद आणि अधिकार यांतला फरक त्यातून कळतो; पण हात कोणाच्या इच्छेने वर करायचा, हे कळत नाही. त्यापेक्षा मुखत्यारपत्राचा दाखला नेमका बसला असता, आणि तो इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. मुखत्यार सही करतो ती दुसऱ्याच्या वतीने. पत्रात लिहिले असेल तेवढेच त्याला करता येते. त्यापलीकडे गेला तर सही त्याच्या एकट्याच्या नावावर राहते. ‘येशूच्या नावाने’ हे प्रार्थनेच्या शेवटी लावायचे शेपूट नाही, ती वतीने केलेली सही आहे. म्हणून योहान १४:१३ शेजारी १ योहान ५:१४ ठेवून वाचावे लागते, जिथे ‘त्याच्या इच्छेप्रमाणे’ ही अट स्पष्ट आहे. आणि एक फरकही सांगता येतो : मुखत्यारपत्र देणारा मेला की पत्राची ताकद साधारणतः संपते. इथे देणारा मेला आणि उठला, म्हणून त्याचे पत्र चालू आहे. मत्तय २८:१८ मधला ‘सर्व अधिकार’ पुनरुत्थानानंतर बोललेला आहे, हे शिक्षकांनी सांगितले. पण पोलिसाच्या दाखल्यात ते बसवायला जागाच नव्हती.

आता पान १७. पुस्तिकेतले हे एक पान बदलल्याशिवाय पुढची आवृत्ती काढू नये, असे मनापासून सांगावेसे वाटते. पानाच्या मधोमध चौकटीत, ठळक अक्षरांत लूक १०:१९ छापले आहे : साप व विंचू तुडवण्याचा अधिकार, काहीएक बाधणार नाही. खाली घोषणा म्हणून तेच वाक्य ‘मी’ घालून तीनदा म्हणायचे. विसावे वचन नाही. चौकट १९ ला बंद होते आणि खाली चार बोटे कागद कोरा आहे. त्या कोऱ्या जागेत जे बसले असते ते येशूचेच पुढचे वाक्य आहे : भुते तुम्हांला वश होतात ह्याचा आनंद मानू नका, तर तुमची नावे स्वर्गात लिहिलेली आहेत ह्याचा आनंद माना. पहिल्या शनिवारी इतक्या कष्टाने शिकवलेली ओळख याच वाक्यात आहे, आणि नेमके तेच गळले आहे. वचन अर्धे घेण्याचा धोका शास्त्रातच दाखवला आहे. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूसमोर स्तोत्र ९१ म्हणतो तेव्हा ११ वे आणि १२ वे वचन घेतो, तेही मधले शब्द गाळून, आणि नागाला तुडवण्याचे वचन १३ येण्याआधी थांबतो.

तिसऱ्या शनिवारी प्रभूची प्रार्थना. पद्धत सोपी आहे : ७ विनंत्या, प्रत्येकीला ३ मिनिटे, एकूण २१ मिनिटे, घड्याळ लावून. नाव पवित्र मानले जावो, राज्य येवो, इच्छेप्रमाणे होवो, भाकर, ऋणांची माफी, परीक्षा, वाइटापासून सुटका. सगळे आपापल्या शब्दांत आणि हळू आवाजात. घरी करायला ही पद्धत उत्तम आहे, पण कुठे बिघडते ते माहीत असावे. पहिली तीन मिनिटे लोकांना संपता संपत नाहीत; देवाच्या नावाबद्दल दोन वाक्ये झाली की मन गुडघेदुखीवर आणि मुलाच्या नोकरीवर जाते. तेव्हा मनाला रागे न भरता ती गोष्ट कागदाच्या कडेला लिहून ठेवावी आणि भाकरीच्या पाळीला घ्यावी. दुसरी सवय ‘प्रभू, बापा, प्रभू’ असे दर तीन शब्दांनी भरण करण्याची. शिक्षकांनी यावर दिलेला उपाय लगेच लागू पडतो : एक वाक्य, मग एक श्वास शांतता, मग पुढचे. मत्तय ६:७ मधली व्यर्थ बडबड म्हणजे लांब प्रार्थना नव्हे, शब्दांच्या संख्येवर ठेवलेला भरवसा, हेही त्यांनी बरोबर सांगितले.

ऋणांच्या विनंतीला ३ मिनिटे अगदीच अपुरी आहेत. ज्याने आपल्याला दुखावले त्याचे नाव चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी मिटायची आणि त्या माणसाला क्षमा करून सोडायचे, असा सराव आहे. नाव लिहून होते तोवर घंटी वाजते. इथे निदान ८ मिनिटे द्यावीत, हवी तर परीक्षेची आणि वाइटाची विनंती एकत्र करावी.

चौथा शनिवार सर्वात कच्चा. इफिसकरांस ६ मधली शस्त्रसामग्री हातवारे करत ‘घालायला’ लावतात : कमरबंद, उरस्त्राण, वाहाणा, ढाल, शिरस्त्राण, तलवार. मुलांच्या शाब्बाथ शाळेत ठीक आहे. मोठ्यांना हे सांगायला हवे की त्या उताऱ्यात पत्र लिहिणारा पौल पुन्हा पुन्हा ‘उभे राहा, टिकून राहा’ म्हणतो. हल्ला करत सुटा असे म्हणत नाही. त्यानंतर २० मिनिटे सैतानाला उद्देशून ‘बांधतो, बांधतो’ असा एकच गजर झाला. बांधणे-सोडणे मत्तय १६ आणि १८ मध्ये आहे, आणि १८ व्या अध्यायात ते पाप करणाऱ्या भावाला मंडळीने कसे वागवावे याच्या ओघात येते. सैतानाशी थेट वाद घालण्याबद्दल तर यहूदाच्या पत्रातले ९ वे वचन पुरेसे आहे : आद्यदेवदूत मीखाएलसुद्धा ‘प्रभू तुला धमकावो’ एवढेच म्हणतो. याकोब ४:७ चा क्रमही इथे उलटा झाला. आधी ‘देवाच्या अधीन व्हा’, मग ‘सैतानाला अडवा’. पहिला भाग गाळून दुसरा केला की स्किवाच्या सात मुलांसारखी गत होते. प्रेषितांची कृत्ये १९ मध्ये ते भूत काढायला येशूचे ऐकीव नाव वापरायला गेले, भुताकडूनच ‘तुम्ही कोण आहात?’ असा उलट प्रश्न आला, आणि उघडे, घायाळ होऊन घरातून पळाले. तो प्रश्न ‘मी कोण’ या ओळखीबद्दलचाच आहे. हा उतारा चौथ्या शनिवारी वाचला गेला नाही याचे वाईट वाटते.

पाचव्या दिवशी गाडी पुन्हा रुळावर येते. दुसऱ्यासाठी प्रार्थना करताना पाळायचे नियम फळ्यावर लिहून दिले : आधी विचारा, परवानगीशिवाय हात ठेवू नका, स्त्रीसाठी स्त्री असावी, ढकलू नका, हलवू नका, औषध बंद करायला कधीही सांगू नका, गटात प्रार्थना करताना कोणाच्या घरातले भांडण ‘प्रभू, तू जाणतोस’ म्हणत चव्हाट्यावर आणू नका. शेवटचा नियम सगळ्या मंडळ्यांनी भिंतीवर लावावा इतका गरजेचा आहे. याकोब ५:१४ वाचून तेल लावण्याची रीतही दाखवली : कपाळावर बोटभर, बस. यासोबत २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याचा उल्लेख मात्र व्हायला हवा होता. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून रोखणे हाही गुन्हा आहे. पान १७ पाठ करून घरी गेलेल्या माणसाला हे ठाऊक असलेच पाहिजे.

पाचही शनिवारांत एक विषय आला नाही : मागूनही न मिळाल्यास काय. पौलाने शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली आणि ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे उत्तर मिळाले. गेथशेमाने बागेत येशूने स्वतः दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागितले. अधिकार शिकवणाऱ्या वर्गात हे दोन उतारे नसतील, तर कॅन्सर वॉर्डात बसलेली आई घरी जाऊन स्वतःच्या विश्वासालाच दोष देत बसेल. यासाठी सहावा शनिवार वाढवला तरी लोक येतील.

कॅथलिक विश्वासणाऱ्यांनाही बसता येते; रोझरीच्या जपमाळेबद्दल वर्गात बरेवाईट काहीच बोलले जात नाही.

जाणाऱ्यांनी छापील बायबल न्यावे, पुन्हा छापलेली जुनी ‘पवित्र शास्त्र’ प्रत असली तर उत्तमच, कारण शिक्षक त्याच शब्दांवर बोलतात. पेन नको; पातळ कागदावर शाई मागच्या पानावर उतरते, म्हणून दोन रंगीत पेन्सिली आणि एक शार्पनर. पान १७ च्या कोऱ्या जागेत विसावे वचन हाताने लिहून घ्यावे. पहिला शनिवार चुकला तर पुढच्या तुकडीपर्यंत थांबावे. आयोजक दुसऱ्या शनिवारीही नवीन लोकांना बसवून घेतात, ते त्यांनी बंद करावे, ही त्यांना कळकळीची विनंती.