पहिली गिटार: नायलॉनच्या तारा, स्टीलच्या तारा की इलेक्ट्रिक?

"आधी नायलॉनच्या तारांची घे, बोटं दुखत नाहीत," हा सल्ला गिटार घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला कुणीतरी देतंच. तो निम्मा खरा आहे. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण 40 किलोच्या आसपास असतो, तर स्टीलच्या ‘लाइट’, म्हणजे बारीक तारांच्या सेटचा 70 किलोच्या वर जातो. बोटांच्या टोकांना हा फरक पहिल्याच दिवशी कळतो. पण नायलॉनच्या तारा ज्या क्लासिकल गिटारवर येतात, तिची मान रुंद असते. नटपाशी, म्हणजे मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, सुमारे 52 मिलिमीटर. स्टीलच्या अकूस्टिकची 43-44. त्यात फिंगरबोर्डही, म्हणजे मानेवरची बोटं दाबायची पट्टीही, सपाट. पंजा लहान असेल आणि एफ कॉर्डसाठी (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे स्वर) पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं दाबायचं असेल, तर बोटांच्या टोकांचं वाचलेलं दुखणं अंगठ्याच्या मुळाशी येऊन बसतं.

शिवाय टोकांचं दुखणं काही आठवड्यांचं असतं. रोज थोडं वाजवलं की घट्टे पडतात आणि ते सरतं. त्यामुळे दुखण्यावरून निवड करू नका. कान कुठल्या आवाजाकडे ओढ घेतात ते बघा.

नायलॉनची तार नखाने किंवा बोटाने छेडली की गोल, मऊ स्वर येतो आणि लवकर विरतो. क्लासिकल, फ्लामेंको, बोसा नोव्हा, एकेक स्वर सुटा वाजवायचं काम, हे सगळं तिच्यावर खुलतं. पण गाणं म्हणता म्हणता पिकने (तारा छेडायच्या चकतीने) दणकून साथ करायची असेल, तर तिथे ती दबून जाते. स्टीलच्या तारांना झळाळी असते, कॉर्ड लांबवर घुमतो आणि साध्या चार कॉर्डचंही गाणं भरून येतं. गाण्याला साथ करायची असेल तर मी बिनदिक्कत स्टील सांगेन, मग पहिला महिना जड गेला तरी चालेल.

एक गोष्ट मात्र मनावर कोरून ठेवा: क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा कधीही चढवू नका. 1940च्या दशकात नायलॉन आलं, त्याआधी या गिटारला आतड्याच्या तारा असत, आणि तिच्या आतल्या पातळ पट्ट्या तेवढ्याच ताणाच्या हिशेबाने बसवलेल्या असतात. जवळजवळ दुप्पट ताण आला की ब्रिज (पुढच्या फळीवर तारा अडकवायचा तुकडा) उखडतो किंवा पुढची फळी फुगते. बहुतेक क्लासिकलमध्ये मान सरळ ठेवणारा ट्रस रॉडही नसतो.

इलेक्ट्रिकबद्दल लोक म्हणतात, आधी अकूस्टिक शिका, मग तिकडे वळा. मला हे पटत नाही. तिच्या तारा सगळ्यांत बारीक, मान अरुंद, दाब कमी. ज्याला लीड, म्हणजे एकेका स्वराची धून वाजवायची आहे, तार ओढून स्वर वळवायचा आहे, त्याने सरळ तीच घ्यावी. हेडफोन लावून रात्रीही सराव होतो. फक्त अँप्लिफायर आणि केबलचे पैसे आधीच बाजूला काढा, नाहीतर सगळी रक्कम गिटारवर जाते आणि आवाजासाठी काहीच उरत नाही.

तिन्हींपैकी काहीही घ्या, लाकडाआधी ॲक्शन बघा. ॲक्शन म्हणजे तारेची फ्रेटपासूनची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीपासूनची) उंची. बाराव्या फ्रेटवर स्टीलच्या अकूस्टिकला जाड तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास चालते, क्लासिकलला चारपर्यंत, इलेक्ट्रिकला दोन किंवा त्याहून कमी. माझ्या पहिल्या गिटारची ॲक्शन फारच वर होती. बोटांत ताकद नाही असं समजून आठ महिने झटत राहिलो. मग एका कारागिराने सॅडल (ब्रिजवरची तारा टेकायची पट्टी) घासून खाली केलं आणि त्याच संध्याकाळी एफ स्वच्छ वाजला. त्या आठ महिन्यांची हळहळ मला अजून वाटते, म्हणून हे इतकं सांगतोय. घेताना सॅडल ब्रिजच्या वर दोन-तीन मिलिमीटर तरी दिसतंय ना, हे पाहा. ते आधीच संपलेलं असेल तर खाली करायला जागाच नाही.

मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवा; कुठे खरखर येते का ते ऐका. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता हलकेच स्पर्श करून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबून आलेला स्वर ट्यूनरवर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर वरच्या फ्रेटवरचे कॉर्ड कायम बेसूर लागतील.

पुढची फळी अखंड लाकडाची असेल तर आवाज मोकळा असतो, पण हवेतल्या ओलाव्याच्या फरकाने ती तडकू शकते. गिटार घेऊन फिरणार असाल तर प्लायची फळी टिकायला बरी.

इतकं वाचूनही ठरत नसेल, तर माझं मत: मध्यम आकाराची स्टीलची अकूस्टिक घ्या, कारण ड्रेडनॉटवरून, म्हणजे मोठ्या पेटीच्या गिटारवरून, हात टाकताना खांदा अवघडतो. तिच्यावर बारा ऐवजी अकरा गेजच्या, म्हणजे थोड्या बारीक, तारा चढवा आणि पहिल्याच आठवड्यात ॲक्शन नीट करून आणा.